गाण्याआधीची कोरी टेप

"ते दुसऱ्या गाण्याचा विषय काढतील," मुलगी स्टुडिओच्या दारातच कुजबुजली. "तुम्ही नुसतं हो म्हणा. असं गाणं नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका."

रेकॉर्डिस्टनं मान डोलावली. तोवर वडील आत जाऊन खुर्चीत बसलेही होते.

"मला ऐकू येतं सगळं," ते म्हणाले. "कान ठीक आहेत. डोक्याचं पुढच्या आठवड्यात ठरणार आहे. नापास झालो तर माझ्या घराला कुलूप आणि मी हिच्याकडे."

"माझं घर म्हणजे तुरुंग नाही, बाबा."

"जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत ना? मग झालं."

रेकॉर्डिस्टनं हसू गिळलं आणि मशीनवर टेप चढवली.

वडील एका रॉक बँडचे ड्रमर होते. बँडचं एकच गाणं गाजलं. सलूनमध्ये, बसमध्ये ते अजून वाजतं. बाकीची गाणी कुणाला आठवत नाहीत, बँडचं नावही नाही. आता रेकॉर्ड कंपनी ते एक गाणं नव्यानं काढणार होती. मूळ टेप हीच ना, एवढं सांगायला ड्रमरना बोलावलं होतं.

"टेप हीच," डब्यावरचा डाग बघून ते म्हणाले. "पण हे गाणं नंतरचं. आधी याच टेपवर दुसरं होतं. आठवडाभर तसंच पडून राहिलं. कंपनीला पटलं नाही, मग ते पुसून त्याच्यावरच हे चढवलं. आमचं खरं गाणं ते होतं."

"बाबा, ते कुणीही ऐकलेलं नाही."

"चौघांनी ऐकलंय. त्यातले तिघं गेले. आता मतदान घेतलं तर बहुमत माझंच."

मुलीनं रेकॉर्डिस्टकडे बघितलं. बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशी ती नजर होती.

"गाण्याआधी थोडी कोरी टेप आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "तिथं काहीतरी पुसट ऐकू येतं. कंपनीनं ते साफ करायला सांगितलंय. त्याआधी एकदा ऐका."

तिनं जाड दार लावून घेतलं. बाहेरची दुपार एकदम नाहीशी झाली. तिनं आवाज होता तेवढा वाढवला.

आधी नुसती खरखर होती. मग त्या खरखरीच्या तळाशी एक माणूस बोलला. शब्द कळले नाहीत. दोन सेकंदांनी तोच माणूस तेच बोलला, थोडं जवळून. आणखी दोन सेकंदांनी पुन्हा. या वेळी तो दारापलीकडे उभा असावा, इतका जवळून.

"आहेस ना, बुटक्या?"

टक, असा आवाज झाला. लगेच ते गाजलेलं गाणं अंगावर आलं. रेकॉर्डिस्टनं घाईनं मशीन थांबवलं.

ड्रमरच्या हातात टेबलावरची पेन्सिल होती.

"आमचा गायक. मला विचारतोय," ते म्हणाले. "मागे वळून कधी बघायचा नाही. सुरू करायच्या आधी विचारायचा. मी काठीनं एक टक द्यायचो, की हा गायला लागायचा."

"काकांचाच आवाज आहे," मुलगी म्हणाली. तिच्या दंडावर काटा आला होता. "पण या गाण्याआधीही विचारलं असेल की."

"या गाण्याच्या दिवशी तो कुणाशी बोलत नव्हता."

"या गाण्याआधी विचारलं असतं तर ते एकदाच आलं असतं, स्वच्छ," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "टेप गुंडाळून पडून राहते. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो, त्याच्या पलीकडच्यावर आणखी हलका. ओली शाई समोरच्या पानावर उमटते, तसा. आपण ऐकले ते तीन ठसे. मूळ आवाज पुढच्या वेढ्यावर होता. तिथं आता हे गाणं आहे."

"म्हणजे बोलणं पुसलं गेलं. पुढे गाणंही होतं कशावरून?"

रेकॉर्डिस्टनं टेप मागे नेली.

"पुन्हा लावा," मुलगी म्हणाली. "आणि बाबा, ती पेन्सिल इकडे द्या. मध्येच वाजवलंत, त्यात पुढचं काही ऐकूच आलं नाही."

वडिलांनी पेन्सिल दिली. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे.

खरखर सुरू झाली. माणूस लांबून बोलला. मग जवळून. मग अगदी जवळून.

"आहेस ना, बुटक्या?"

खोलीत कुणी हललं नाही. पेन्सिल मुलीच्या मुठीत होती.

टक.

लाकडावर लाकूड, एकदाच, स्पीकरमधून. मघाशी वडिलांची पेन्सिल टेबलावर बरोबर त्याच क्षणी वाजली होती.

रेकॉर्डिस्टनं या वेळी गाणं सुरू व्हायच्या आत टेप थांबवली. मुलगी मूठ उघडून पेन्सिलीकडे बघत राहिली.

"आता सुरू झालं असतं," वडील म्हणाले.

त्यांचा उजवा पाय जमिनीवर पडू लागला. गाजलेल्या गाण्याचा ठेका तिथं बसलेल्या सगळ्यांना पाठ होता. हा तो नव्हता. हा संथ होता, दर खेपेला एक पाऊल मागे ठेवून पुढे येणारा. मशीनची चाकं थांबलेली होती, स्पीकर गप्प होते. रेकॉर्डिस्टनं कोऱ्या भागावर केलेली 'साफ करा' ही खूण हळूच काढून टाकली. पाय बराच वेळ चालला. कुठं अडखळला नाही.

मग तो थांबला.

मुलीनं थोडी वाट बघितली. "संपलं, बाबा?"

त्यांनी मांडीखालचा एक हात काढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"थांब. इथं तो एकटा गातो."