अजहर सर आहेत का?

“वारज्याचा माणूस सात लाख ऐंशी म्हणतोय. तुमी कितीला देताय ते बोला,” निलोफर म्हणाली. मोबाईल कान आणि खांद्यामध्ये दाबून ती मेथी निवडत होती.

पलीकडं कात्रजच्या शोरूममधली राजनंदिनी होती. दर शनिवारी अकराला तिचा फोन यायचाच. “अहो ताई, त्यांची बॅटरी केवढी, आमची केवढी! बरं, विचारून बघते मॅनेजरना. अजहर सर आहेत का?”

“गाडीवर गेलेत.”

“मग निरोप द्या ना त्यांना.”

“देते की.”

अजहरला जाऊन सात महिने झाले होते. वेल्ह्याला बाजाराच्या दिवशी स्टँडवर जीप भरत होती. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मागं बसलेल्या बायांना वाटलं, डुलकी लागली असंल.

त्याच्या आदल्या महिन्यात तो तीन शोरूम फिरून आला होता. डिझेल परवडत नव्हतं. जीप देऊन बॅटरीची गाडी घ्यायची, हे त्यानं पक्कं केलं होतं. कात्रजची एक कंपनी, वारज्याची दुसरी, शिरवळला तिसरी, तिची गाडी निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. तिन्हीकडं नंबर देऊन आला. “ह्यांची आपसात लई जुंपलीय,” जेवताना तो हसत म्हणाला होता. “आपण नुसतं ‘तो कमी देतोय’ म्हणायचं. गिऱ्हाइकानं घाई केली की संपलं.”

शोरूमचा पहिला फोन आला तो नेमका अजहर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं. कुणी अजहर किती सरळ होता ते सांगत होतं, कुणी जीपला किती येतील ते. त्याचा मोबाईल वाजला. निलोफरनं उचलला. “अजहर सर आहेत का?” इतक्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

“गाडीवर गेलेत,” तिच्या तोंडून निघून गेलं.

मग तेच चालू राहिलं. अजहरसाठी निरोप ठेवणारी जगात तीनच माणसं उरली होती. ती फोन करत राहावीत म्हणून निलोफर भाव करत राहिली. सासूबाई खातून आतल्या खोलीतून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, “पोरी, घ्यायची न्हाई तर कशाला झुलवतीस त्यांना?” निलोफरनं भांडी विसळायला घेतली. ‘ते गेले’ एवढे दोन शब्द तिनं अजून एकदाही उच्चारले नव्हते. मृत्यूच्या दाखल्याला कचेरीत गेली तेव्हाही दीर वसीमच बोलला होता. तिनं नुसती सही केली.

शिरवळचा आधी थांबला. वारज्याच्यानं एकदा सरळच सांगितलं, “सरांना फोन द्या, नाहीतर यादीतून नाव काढतो.” तिला देता आला नाही. त्यानं काढलं. तरी त्याच्या नावानं ती राजनंदिनीला दर सांगत राहिली. आजचे सात ऐंशीही तिच्याच मनाचे.

संध्याकाळी राजनंदिनीचा परत फोन आला. “ताई, सात पंचावन्न! याच्या खाली कंपनीच बुडेल. असं करते, उद्या गाडीच घेऊन येते. सरांना दाखवते.”

“नको नको. गल्ली अरुंद हाय आमची.”

“अहो, केवढीशी तर गाडी! तुमच्या भोरमध्ये मला दुसरंही एक काम आहेच.”

दुसऱ्या दिवशी निलोफर सकाळपासून कानोसा घेत होती. गाडी आली की गल्लीच्या तोंडाशीच गाठायची, काहीतरी सांगून तिथूनच परत लावून द्यायची. अजहरची जीप पुलावर आली की घरात कळायचं, मग ती तवा ठेवायची. पण ही गाडी आवाजच करत नाही, हे तिला कुठं ठाऊक? इतके महिने जिचा भाव केला, ती तिनं पाहिलीच नव्हती.

परसातून हात पुसत ती पुढं आली, तर दारात पांढरी गाडी उभी. पाच वर्षांची गुलफशा स्टिअरिंग धरून बसलेली. राजनंदिनी तिच्याशी वाकून बोलत होती. आवाजावरून वाटायची त्याहून कितीतरी लहान होती ती.

“अब्बा गाडीवर न्हाई गेले,” गुलफशा तिला समजावत होती. “अब्बा वढ्याच्या पल्याड हैत. कब्रस्तानात. दादी म्हणती, तितं फोन लागत न्हाई.”

राजनंदिनी सावकाश सरळ झाली. तिनं निलोफरकडं बघितलं. हातातला दरांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

“माफ करा,” निलोफर म्हणाली. “तुमचा लई वेळ घेतला. पण यादीतून त्यांचं नाव तेवढं काढू नका.”

“माझ्या हातात नाही हो ते, ताई. आता कळल्यावर काढावंच लागेल.”

तिनं गुलफशाला पुलापर्यंत एक फेरी मारून आणली आणि गेली. जातानाही आवाज झाला नाही.

पुढच्या शनिवारी निलोफरनं मोबाईल ओट्यावर ठेवला. अकरा वाजून गेले. साडेअकराला तिनं तो उचलून बघितला. चार्जिंग होतं, रेंजही होती. ती धुण्याची बादली घेऊन उठली, तेवढ्यात तो वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“ताई, राजनंदिनी बोलतेय. हा माझा घरचा नंबर आहे.” पलीकडं कुकरची शिट्टी झाली. “आज परत दर खाली आलेत. अजहर सर… गाडीवर गेलेत का?”

निलोफरनं बादली खाली ठेवली. भिंतीला पाठ लावून ती तिथंच बसली.

“न्हाई, ताई. ते गेले,” ती म्हणाली. आणि मग घाईघाईनं, “फोन ठेवू नका.”