रक्तातले फुकटे

टेंभुर्णीच्या इजहारभाईंनी दुकानाच्या पायरीवरही फुकट्याला कधी टेकू दिलं नव्हतं. रक्तात कसे टेकू देतील? त्यांच्या बायकोनं, आसिफानं, त्यांना आपली किडनी दिली, त्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, “निरुपद्रवी विषाणू सगळ्यांच्याच रक्तात असतात. परकी किडनी शरीरानं मारू नये म्हणून गोळ्यांनी तुमचे पहारेकरी झोपवलेत, त्यामुळं हे वाढलेत. राहू द्या.” इजहारभाईंनी गुपचूप गोळ्या अर्ध्यावर आणल्या. महिन्यानं रिपोर्ट आला: विषाणू जवळजवळ गायब. “पळाले ना फुकटे, डॉक्टरसाहेब!” डॉक्टर हसले नाहीत. “गोळ्या कमी केल्या?” इजहारभाईंनी बायकोकडं डोळे वटारले. “हिनं चुगली केली ना?” “तुमच्या रक्तानं केली.” आसिफानं हळूच विचारलं, “मंग पहारेकरी जागे झाले, तर आता कुणाला शोधून राह्यले?” इजहारभाईंच्या पोटात खाली उजवीकडं, तिच्या किडनीभोवती, आतून कुणीतरी सावकाश चाचपत होतं.