सुपातला सहावा खडा

"यंत्रानं साफ केलेला तांदूळ येतो आता. तुम्ही घरी बसा, मावशी," आश्रमशाळेचे नवे अधीक्षक म्हणाले.

ठमाबाईंनी वीस वर्षं त्या मुलांचा तांदूळ निवडला होता. आता दोन्ही डोळे अधू झाले होते. त्या म्हणाल्या, "बसते की. एकदा मला पारखून बघा, चुकले तर सुनेच्या हातचं आयतं खाते."

अधीक्षकांनी नव्या पोत्यातला तांदूळ सुपात ओतला आणि वरून अंगणातले बारीक खडे टाकले. "एकही राहिला, तर उद्यापासून येऊ नका."

मान कलती करून ठमाबाई सूप घोळवू लागल्या. तांदूळ सळसळत पुढं सरकला, जड खडे खडखडत मागं राहिले. आवाज येई तिथं बोट जाई. एकेक खडा त्यांनी उंबऱ्यावर मांडला.

अधीक्षकांनी मोजले. "सहा कसे? मी पाचच टाकले होते."

"तुमचे पाच खरबरीत आहेत, साहेब. हा गुळगुळीत, यंत्रातनं आलेला. पोराच्या दाताखाली गेला असता."

साहेबांनी तो खडा बोटांत फिरवून पाहिला. मग कोठीतलं दुसरं पोतं ओढून त्यांनी ठमाबाईंपुढं ठेवलं.