मास्तरांच्या रहस्यकादंबऱ्या

तासगावकर मास्तरांनी दार उघडलं, तर समोर पुण्याच्या एक प्रकाशिका उभ्या. त्यांच्या हातातलं जुनं पुस्तक पाहताच मास्तरांनी घाईने स्वयंपाकघराकडे बघितलं. ‘शिक्षकाला खुनाच्या गोष्टी शोभतात का?’ असं संस्थाचालकांनी सुनावल्यावर त्यांनी लिहिणं सोडलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. सुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“तुमच्या सातही रहस्यकादंबऱ्या पुन्हा छापायच्यात,” बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या.

“छापा, पण माझं नाव नको,” मास्तर कुजबुजले. मग त्यांना राहवेना. “यातला खुनी कोण, ते केव्हा कळलं तुम्हाला?”

“अगदी शेवटच्या पानावर. तोवर माझा संशय डॉक्टरवर!”

“सगळ्यांचाच असतो!” मास्तर खळखळून हसले. “म्हणून तर दर प्रकरणात त्याला घाम फोडलाय मी!”

चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली. “बाबा, हे तुम्ही लिहिलंय?”

मास्तरांचं हसू मावळलं. सुनेने ट्रे टेकवला, पुस्तक उचललं आणि ती उभ्याउभ्याच वाचू लागली. चहा निवला तरी तिचं डोकं वर होईना.

“नाव घाला,” मास्तर बाईंना म्हणाले. “पूर्ण घाला.”