राईतली चूल

"राईत कुणाचीही वस्ती नाही. त्यामुळे ती तोडल्यानं सामाजिक परिणाम शून्य." रस्त्याच्या कंपनीसाठी अहवाल करणारी दर्शना माइकवर एवढं बोलली आणि खाली बसली.

शेणव्याजवळच्या पाड्यावर, शाळेपुढच्या मांडवात नव्या रस्त्याची जनसुनावणी चालली होती. पुढच्याच रांगेत बसलेल्या धोंडीबाईला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. वाशिंदची ही पोर समाजशास्त्राच्या अभ्यासाला आली, तेव्हा अख्खा पावसाळा तिच्याच घरात राहिली होती. तिला ताप आला तेव्हा धोंडीबाईनंच तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. बरी झाल्यावर हाताला धरून देवाची राई दाखवली.

"मावशी, आमच्या शास्त्रात समाज म्हणजे नुसती माणसं," दर्शना तेव्हा म्हणाली होती. "झाड नाही, झरा नाही, वाघोबा नाही. मी हे बदलणार बघ."

लोक उठले तसं धोंडीबाईनं तिला गाठलं. "असं कसं गो बोललीस?"

"तिथे राहणारी माणसं असती तर लिहिता आलं असतं, मावशी. कंपनीच्या कामात बाकीचं बसत नाही."

"बसत नाय, का तू बसवलं नायस?"

दर्शना गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांवर खुणा करायला माणसं आली, तर राईतून धूर निघत होता.

त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आजवर कुणी घरी नेली नव्हती. तिथे विस्तव नेणं म्हणजे देवाचा कोप ओढवून घेणं. पहाटे धोंडीबाईनं वाघोबा देवापुढे डोकं टेकलं, "माझं काय व्हायाचं ते होऊ दे" म्हणाली, आणि तीन दगड मांडून राईच्याच काटक्या पेटवल्या. शेजारी गोधडी आणि पाण्याचा हंडा.

निरोप मिळताच दर्शना धावत आली.

"आता लिव," धोंडीबाई म्हणाली. "इथं माणूस ऱ्हातंय. ही बघ चूल."

दर्शना खालच्या आवाजात म्हणाली, "असं धरत नाहीत, मावशी. याला अतिक्रमण म्हणतात. तुला उठवतील इथून."

मागे कुणीतरी आंब्याच्या खोडावर लाल फुली मारली.

धोंडीबाईनं तव्यावरची नाचणीची भाकरी उलटली. एका बाजूनं करपली होती. तिनं ती मोडली, बरी बाजू पानावर ठेवली आणि पान पुढे सरकवलं.

"बसा म्याडम," ती म्हणाली. "तुमी लांबून आलात. खाऊन जावा."