मागच्या शेगडीवरचं पातेलं

आजोबांचा वाढदिवस दरवर्षी त्याच हॉटेलात व्हायचा, आणि धाकटी नात व्हीगन झाल्यापासून तिच्या ताटलीत नुसती काकडी! वर आत्याचा टोमणा, "ससा आहेस का गं तू?"

यंदा धाकटी दोन दिवस आधीच एकटी जाऊन मालकांसमोर उभी राहिली. आवाज खणखणीत. "काका, दूध, लोणी, अंडी, मांस यांतलं काहीच नसलेला एक तरी पदार्थ ठेवा ना!"

मालक खो खो हसले. "अगं बाळा, असलं खाणार कोण?"

स्वयंपाकीणबाई हात पुसत दारात आल्या. "आम्ही स्वयंपाकघरातले खातो की, मालक. नऊ वर्षं झाली. मागच्या शेगडीवर आमचं पातेलं असतं: मसूर, टोमॅटो आणि उरलेल्या भाज्या. लोणी गिऱ्हाइकांसाठी राखा, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

मालकांनी त्यातली एक वाटी मागवली. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

वाढदिवसाला मेन्यूकार्डाच्या तळाशी पेनानं लिहिलेली नवी ओळ होती: 'बाईंचं पातेलं'. धाकटीनं ऐटीत तेच मागवलं.

"बरं झालं लगेच सांगितलंत," वेटर म्हणाला. "दोनच वाट्या उरल्यात. सकाळपासून मालक चव बघतायत."