पहिल्या पानाची बातमी

जोतीरामनं आणखी एक कागद चुरगाळून बाकाखाली टाकला. सयाजीच्या हॉटेलात त्याच्यापुढं आजचा अंक पसरलेला होता, चहा कधीचाच गार झालेला. कोल्हापूरची शेवटची एस.टी. सुटायची वेळ होत आली, तरी पहिली ओळ काही जमत नव्हती. बूड बाकाला टेकेल तर शपथ!

पेठ वडगावचा वार्ताहर अशी पाटी त्यानं हौसेनं दारावर लावली होती. पण त्याच्या बातम्या यायच्या चौथ्या पानाच्या कोपऱ्यात, त्याही शिळ्या. गावात काही घडायचं ते नेमकं शेवटची गाडी गेल्यावर. फोन एकट्या पोस्टात, तोही संध्याकाळी कुलपात. मग मजकूर दुसऱ्या दिवशी जायचा आणि तिसऱ्या दिवशी छापून यायचा.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या कचेरीत संपादक यज्ञेश्वरपंतांनी त्याला तोंडावरच सुनावलं होतं.

"होळीपर्यंत एक ताजी बातमी पहिल्या पानावर आली पाहिजे, जोतीराम. नाहीतर वडगाव कृष्णातकडे देतो. रोज अंक वाचा. बातमी कशी बांधलीय ते बघा. नाव, गाव, नुकसान सुरुवातीलाच. अलंकार नकोत. आणि एक अक्षर खोटं नको!"

कृष्णातकडे! कालपर्यंत 'मला शिकवा की' म्हणत मागं फिरणारं पोरगं ते! तेव्हापासून जोतीराम रोजचा अंक अक्षरन् अक्षर वाचत होता.

"सयाजी, काडेपेटी दे."

"तुम्ही कवापास्नं वढाय लागलासा?"

"डोस्कं चालंना. म्हटलं, बिडी वढून बघावी."

काडेपेटी त्यानं खिशात टाकली आणि पुन्हा कागदाकडं पाहिलं. 'अग्निदेवाने रौद्र रूप धारण केले.' छ्या! अंकात असला अग्निदेव कुठंच नव्हता. त्यानं तो खोडला आणि मग एका दमात उतरलं:

'पेठ वडगाव, सोमवार : येथील शेतकरी गणपतराव चौगुले यांच्या मळ्यातील कडब्याची गंजी आज सायंकाळी आगीत भस्मसात झाली. जनावरांची वर्षाची वैरण गेली. गोठ्यातील म्हैस वेळीच सोडल्याने वाचली.'

वा! त्याचं त्यालाच बरं वाटलं. अगदी पहिल्या पानासारखं.

एस.टी.चा हॉर्न वाजला. तो धावत गेला आणि पाकीट कंडक्टर आकारामच्या हातात कोंबलं.

"आत्ताच्या आत्ता हापिसात पोचव. ताजी हाय."

"काय झालंय?"

"उद्या अंकात वाच की!"

गाडी गेली. जोतीराम झपाझप गणपतरावांच्या मळ्याकडं निघाला. बातमी दिली म्हणजे जागेवर जाऊन बघणं आलंच.

मळ्यात चिटपाखरू नव्हतं. गंजी जशीच्या तशी उभी होती. त्यानं आधी गोठ्यातली म्हैस सोडली आणि लांब आंब्याला नेऊन बांधली. एक अक्षर खोटं नको. मग त्यानं खिशातली काडेपेटी काढली.